अर्धी शिट्टी

आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्यांवरून गेली २६ वर्षं वाद चालू आहे. तसे वाद बरेच आहेत, पण हा सगळ्यात जुना. लग्नानंतर डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये पहिल्यांदा वरण-भाताचा कुकर लावला त्या दिवशी सुरू झाला. आता मुलगी तिच्या घरी स्वतःचा कुकर लावायला लागली, तरी मिटलेला नाही.

वाद असा. नवरा हॉलमध्ये पेपर वाचत बसलेला. मी आंघोळीला जाताना सांगते, "तीन झाल्या की बंद कर." बाहेर येऊन बघते तर गॅस बंद आणि डाळ दाताखाली कचकच.

"किती झाल्या होत्या?"

"तीन."

"दोनच झाल्या. मी मोजत होते."

"तू आंघोळीला गेली होतीस."

"मग? कानात बोळे घालून जाते का मी आंघोळीला?"

इथे मुद्दा येतो अर्ध्या शिट्टीचा. ज्यांच्या घरी कुकर आहे त्यांना अर्धी शिट्टी माहीत असणार. कुकर नुसता फुसफुसतो, शिट्टी जरा उचलल्यासारखी करतो, आणि काहीतरी आठवल्यासारखा परत गप्प बसतो. ही मोजायची की नाही? नवऱ्याचं म्हणणं, मोजायची. वाफ बाहेर आली ना, मग झाली. माझं म्हणणं, मुळीच नाही. शिंक येते येते म्हणता परत गेली तर तिला आपण शिंक म्हणतो का? यावर तो म्हणतो, "पण रुमाल तर काढावा लागतोच ना." या माणसाशी वाद घालणं सोपं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल.

एकदा त्याने पुराव्याची सोय म्हणून ओट्यामागच्या टाइलवर पेन्सिलने रेघा मारायला सुरुवात केली. एक शिट्टी, एक रेघ. अर्धी असेल तर अर्धी रेघ. मी बाहेर आले तर टाइलवर दोन पूर्ण आणि दोन अर्ध्या रेघा, आणि शेजारी हा, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखा उभा. दोन अर्ध्या मिळून एक, म्हणजे तीन! मी ओटा पुसता पुसता टाइलही पुसली. पुरावा नष्ट केल्याचा आरोप माझ्यावर अजून आहे.

मुलगी अकरावीला सायन्सला गेली तेव्हा तिने एका रात्री जेवताना आम्हा दोघांना समजावून सांगितलं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. डाळ शिजते ती त्या तापमानात ती किती वेळ राहिली त्यावर. शिट्टी म्हणजे फक्त जास्तीची वाफ बाहेर पडते. गॅस मोठा ठेवला तर धडाधड चार होतील. दाब धरल्यावर अगदी बारीक केला तर एकही होणार नाही आणि डाळ तरी शिजेल. "त्यामुळे तुम्ही दोघंही चूक आहात," ती म्हणाली. "घड्याळ लावा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बऱ्याच महिन्यांनी आमचं एकमत झालं होतं: पोरगी जरा जास्तच बोलायला लागलीय. घड्याळ काही आम्ही लावलं नाही. घड्याळ लावून डाळ शिजवायला हे काय हॉस्पिटल आहे का, असं नवरा म्हणाला आणि मीही मान हलवली.

नवरा-बायकोवरचे विनोद आपल्याकडे मुबलक. आमच्या खानदानी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काका रोज सकाळी एक टाकतात. त्यातला नवरा कायम गरीब, मुका, सोसणारा. बायको कायम बरोबर, आणि ती बरोबर असते हाच विनोद. हे वाचून वाटतं की मराठी घरांमधून नवरे तोंड शिवून बसलेत. मला आजवर असा मुका नवरा भेटलेला नाही. माझा नाही, माझ्या बहिणीचा नाही, आणि ज्या काकांकडून हे विनोद येतात ते तर अजिबातच नाहीत. शिवाय त्यांच्या मोबाइलचा रिचार्ज काकू करतात. त्यांनी एकदा करायचं विसरून बघावं.

आमच्याकडे कोण बरोबर हा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण मी नागपूरची आणि हा चिपळूणचा. दोघंही मराठीच बोलतो असा दोन्ही घरांचा समज होता म्हणून लग्न जमलं. लग्नानंतर पंधराव्या दिवशी मी ऑफिसमध्ये त्याला फोन केला. "येताना सांबार आणशील? थोडा जास्तच आण, वड्या करायच्या आहेत." संध्याकाळी हा घरी आला तो स्टेशनजवळच्या उडुपी हॉटेलातून गरम सांबाराच्या दोन पिशव्या घेऊन. वर गाठ मारलेल्या, आत शेवग्याच्या शेंगा तरंगताहेत. मी बेसन भिजवून बसलेले. आमच्याकडे नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडी म्हणजे कोथिंबीर, खोबरं, खसखस भरून तळलेली वडी. ती मला याला पहिल्यांदा करून घालायची होती.

"तू सांबार म्हणालीस, मी सांबार आणलं," तो म्हणाला.

"सांबाराच्या वड्या होतात का कधी?"

"मला वाटलं, वड्यांबरोबर खायला. मनात म्हटलं, नागपूरचे लोक काय, कशाबरोबर काहीही खात असतील."

त्या रात्री आम्ही सांबार-भात खाल्ला. चूक कोणाची? शब्दकोश काढा, नकाशा काढा, काही उपयोग नाही. मी माझ्या गावात बरोबर होते, तो त्याच्या. डोंबिवली मध्ये पडली.

माझी "मी आली", "मी गेली" ही वाक्यंही चिपळूणच्या घरात पहिल्याच गणपतीत पकडली गेली. "आले म्हणावं," चुलत नणंद हळूच म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे बाई आली की आली. तिचं 'आले' कशाला व्हायला पाहिजे, आलं-लसणासारखं? सासूबाई तेवढ्या हसल्या. नंतर कधीतरी आमची अशीच बाचाबाची चालली असताना मी त्यांना मध्ये ओढलं, तुम्हीच सांगा आई, कोण बरोबर आहे. त्या पाटावर बसून फणसाचे गरे काढत होत्या. हाताला तेल लावलेलं. वरही न बघता म्हणाल्या, "अगो, बरोबर कोण ते मला नको सांगू. रात्रीला जेवायला कोण कोण आहे ते सांग, म्हणजे भात टाकते." माझी आईही काही वेगळी नाही. तिच्यापुढे तक्रार नेली की ती एवढंच म्हणते, "काहून भांडता बाप्पा," आणि चहा ठेवते.

आमच्या भांडणाचा पारा किती चढलाय ते सर्वनामावरून कळतं. रोजचं 'तू'. सासूबाईंसमोर पहिली दोनेक वर्षं 'अहो' होतं, मग ते आपोआप गळालं. पण डोकं तापलं की माझ्या तोंडून 'तुम्ही' येतं आणि नवरा सावध होतो. त्याला एवढा मान उगाच मिळत नाही हे त्याला ठाऊक आहे. मराठीची गंमत अशी की मान देतानाचं 'तुम्ही' आणि चारचौघांना उद्देशून म्हटलेलं 'तुम्ही' ऐकायला एकच. "तुम्ही असेच आहात" यात मी एकट्या नवऱ्याला मान देतेय की चिपळूणच्या अख्ख्या वाड्याला ओढतेय, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. तो दरवेळी दुसरा अर्थ घेतो. आणि खरं सांगायचं तर तोच बरोबर असतो.

त्यानंतर 'आमच्यात' आणि 'तुमच्यात'. आमच्यात पुरणपोळी तुपाच्या वाटीत बुडवून खातात, तुमच्यात तुपाचा थेंब मोजून सोडतात. आमच्यात पाहुणा आला की दोनदा तरी आग्रह करतात, तुमच्यात "जेवूनच आला असाल ना?" विचारतात. हे शेवटचं अन्यायाचं आहे, मला मान्य आहे. चिपळूणला मला कोणी उपाशी ठेवलेलं नाही. पण भांडताना न्याय करत बसलं तर भांडण व्हायचं कसं?

एका वादात मात्र व्याकरणानेच आमचा निकाल लावला. लग्नकार्याला निघायचं असलं की हा अर्धा तास आधी बूट घालून दारात. "वेळ झाली." मी निऱ्या घालत असते. "झाली, झाली." मग पदराची पिन सापडत नाही, मग सापडते ती वाकडी निघते, मग गॅसचा नॉब बघायचा, मग देवापुढचं निरांजन. मी बाहेर येते तेव्हा तो म्हणतो, "वेळ झाला." मी म्हणते, आधी ठरव, वेळ ती की तो. तर मराठीत वेळ दोन्ही आहे. नेमका क्षण असला की ती वेळ, जायची वेळ झाली. आणि लांबत गेला की तो वेळ, फार वेळ झाला. म्हणजे आमच्या घरात निघताना वेळ बाई असते आणि पोचेपर्यंत तिचा पुरुष होतो. नवऱ्याचं म्हणणं, बरोबरच आहे, बाई होती तोवर नटत होती.

चारेक वर्षांपूर्वी आम्ही पंढरपूरला गेलो. कार्तिकी होऊन गर्दी ओसरली होती. चपला कुठे ठेवायच्या यावरून देवळाबाहेरच आमचं वाजलं. मी म्हणत होते, पेढ्यांच्या दुकानात पेढे घेऊन तिथेच ठेवू. हा म्हणत होता, आधी पेढे घेतले तर दर्शनाच्या रांगेत ते कोण धरणार. रांगेत दोन तास आम्ही कामापुरतं बोललो. विठ्ठलाचं दर्शन झालं आणि रुक्मिणीच्या रांगेला लागलो. ते देऊळ वेगळं, त्याच आवारात, मागच्या अंगाला. आरतीत आपण बेंबीच्या देठापासून 'वामांगी रखुमाई' म्हणतो, पण पंढरपुरात ती त्याच्या डाव्या बाजूला काही नाही. का नाही, ती गोष्ट आपल्याला लहानपणापासून सांगतात. द्वारकेत राधा कृष्णाच्या मांडीवर बसलेली दिसली, रुक्मिणी रुसली आणि थेट दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत कृष्ण आला. वाटेत पुंडलिकाचं घर लागलं. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, त्याने वीट भिरकावली, म्हणाला जरा थांब. हा थांबला. २८ युगं झाली.

बायकोची समजूत काढायला निघालेला माणूस वाटेत भलत्याच्याच दारात उभा राहतो आणि उभाच राहतो, ही गोष्ट मला पुराणातली वाटतच नाही. आमच्याकडचा कोथिंबीर आणायला गेलेला माणूसही (आता तो सांबार आणत नाही, कोथिंबीर आणतो) असाच तासाभराने सोसायटीच्या गेटवर सापडतो, कमरेवर हात ठेवून. मी हे रांगेत बोलून दाखवलं. अबोला तिथेच मोडला, पण आता विषय मोठा निघाला होता.

"तो शोधायला आला ते बघ ना," नवरा म्हणाला. "ती सांगून गेली होती का, कुठे जातेय ते?"

"मांडीवर राधा बसलेली असताना सांगून जायचं?"

"निदान चिठ्ठी."

आमच्या मागे एक नऊवारीतल्या आजी होत्या, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावरून पदर. त्यांना आमचं सगळं ऐकू जात होतं. त्या म्हणाल्या, "लांब कुठं गेली ती? हितंच तर हाय, मागं."

आम्ही दोघं गप्प झालो. रांग पुढे सरकली.

घरकामाचा वाद मी खरं तर टाळणार होते, कारण त्यावर विनोद करणं मला जरा जड जातं. पण तो टाळून हा लेख लिहिला तर मुलगी मला सोडणार नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटं भरली. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि हे जे करतात त्यांचं झालं. सहा वर्षांच्या वरचे सगळे पुरुष धरले तर चारातले जवळपास तीन घरकामाला हातच लावत नव्हते. मुलीने हे जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. बाप शांतपणे म्हणाला, "म्हणजे मी देशाच्या बराच पुढे आहे." आणि तो आहेही, हाच त्रास आहे. तो भांडी लावतो, इस्त्री करतो, बटणंसुद्धा स्वतःची स्वतः लावतो. देशाची सरासरी एवढी खाली आहे की तिच्यावर उभं राहून कोणीही उंच दिसतो.

मग मुलीने दुसरा खेळ काढला. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या अमक्या कामातला तुमचा वाटा किती. दोघांचे आकडे मिळवले की बेरीज शंभराच्या वर जायची. तिने आम्हाला दोन चिठ्ठ्या दिल्या. मी लिहिलं ८५. त्याने लिहिलं ४०. बेरीज १२५. ती आमच्याकडे बघत राहिली. "वरचं २५ टक्के काम कोण करतं?" आम्ही हसायला लागलो, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. मावशी आल्या होत्या, भांड्यांना. त्यांना आम्ही दोघांनीही कुठेच धरलेलं नव्हतं.

आता कुडीचं सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि नवरा माझे लेख वाचत नाही या भरवशावर लिहितेय.

२००९ मध्ये माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं नागपूरला. आम्ही कल्याणहून विदर्भ एक्सप्रेसला बसलो. कानात आजीच्या मोत्याच्या कुड्या होत्या. रात्री कुशीवर झोपताना त्या टोचतात म्हणून मी काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि नवऱ्याला दिल्या, शर्टाच्या खिशात ठेवायला. सकाळी नागपूरला उतरून कागद उघडला तर आत एकच कुडी. दुसरी नाही, फिरकीसुद्धा नाही. नवरा म्हणाला, तू मला दिलास तेव्हाच कागद हलका होता. मी म्हटलं, तुझा खिसा फाटका असेल. खिसा फाटका नव्हता. पण मी भावाच्या लग्नात आईचे टॉप्स घालून मिरवले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात 'कुडी' हा शब्दच झाला. तो किल्ली विसरला, कुडी. बँकेत चेक द्यायचा राहिला, कुडी. मी नुसतं कानाला हात लावला तरी तो म्हणायचा, "कळलं."

२०२१ मध्ये घरात बसून बसून मी माळा आवरायला काढला. दूध पावडरीचा एक जुना डबा आहे, त्यात बटणं, हुक, इलॅस्टिकचे तुकडे. तळाशी सेफ्टी पिनांच्या गुंत्यात प्रवासातली सुई-दोऱ्याची छोटी डबी निघाली. उघडली तर आत कुडी, फिरकीसकट. आणि मला सगळं लख्ख आठवलं. गाडीत रात्री दिवे मालवल्यावर एक कुडी निघेना, म्हणून ती मी नंतर, हा झोपल्यावर काढली होती. कागद तर त्याच्या खिशात गेलेला. म्हणून हाताला लागली त्या डबीत टाकली.

मी कुडी मुठीत घेऊन त्याला सांगायला बाहेर आले. हा मित्राशी फोनवर बोलत होता. "अरे, हिची आजीची कुडी मी हरवली होती, गाडीत, माहितीये ना?" मोठ्याने हसत, रंगवून सांगत होता. खिसा कसा होता, माझा चेहरा कसा होता. बारा वर्षं मी ज्या गोष्टीसाठी त्याला टोचलं ती त्याने केव्हाच कबूल करून टाकली होती. वर त्याचा किस्साही केला होता. आता माझं खरं सांगायचं म्हणजे त्याचा किस्सा काढून घ्यायचा. मी आत गेले, कुडी डबीत, डबी डब्यात, डबा माळ्यावर.

परवा रविवारी सकाळी त्याच्या निळ्या शर्टाचं बटण तुटलं. मी कांदा चिरत होते. त्याने स्टूल घेतलं आणि माळ्यावरून तोच डबा काढला. खिडकीपाशी पेपर पसरून त्यावर पालथा केला. मी मागे वळून पाहिलं नाही. बटणांचा आवाज येत होता, मग बराच वेळ आला नाही.

"मिळालं का?" मी विचारलं.

"मिळालं."

त्याने बटण लावलं, दोरा दाताने तोडला. सगळं परत डब्यात भरलं, झाकण दाबून बसवलं. "बरंच काय काय जमवून ठेवलंयस डब्यात," म्हणाला, आणि डबा जिथून काढला होता तिथेच, मागे सरकवून ठेवला.

कुकर वाजला.

"दोन," तो म्हणाला.

माझ्या हिशेबाने ती तिसरी होती.